चेंडूस टोला मारताना खुब्याचे वळण

सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत आहेत आणि सातारा व सांगली या जिल्ह्यांतील काही शाळांच्या वरच्या वर्गांत त्यांची ओळख करून देण्याचा प्रयत्न हौशी शिक्षक करीत असतात. शाळाभेटीच्या वेळी हा खेळ पाहताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. चेंडू फेकणे, झेलणे आणि पळणे मुले थोड्या दिवसांत शिकतात. परंतु बॅटने टोला मारण्याची वेळ आली की वर्गाचे दोन भाग पडतात. दंडात जोर असलेली चार-सहा मुले टोले मारतात आणि बाकीची, विशेषतः मुली, दूर गेलेला चेंडू आणून देण्याच्या कामी लागतात. शिक्षकास कारण विचारावे तर उत्तर मिळते, "साहेब, यांच्या हातात जोर नाही."

हे निदान बरोबर नाही. टोल्याचा जोर मुळात हातांत नसतोच. तो पायांतून निघतो, खुब्याच्या वळणाने वाढतो आणि हातांच्या वाटे बॅटपर्यंत पोचतो. हे वळण शिकविता येते, त्यास खर्च नाही आणि आपल्या भागातील मुलांस ते परकेही नाही. ते कसे शिकवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. मैदानावर शिक्षक ओरडून सांगतात, "कंबर फिरव!" मूल आज्ञाधारक असते, ते खरोखर कंबर फिरविते, म्हणजे पाय जमिनीत रोवलेले ठेवून बरगड्यांखालचा भाग पिळते. वस्तुतः कंबरेच्या पाच मणक्यांची रचना पुढेमागे वाकण्यास सोयीची आहे. पीळ देण्यास त्यांत फारच थोडी जागा असते. वळणाचा खरा सांधा तेथून खाली आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. विज्ञानाच्या पुस्तकात आपण ज्यास उखळीचा सांधा म्हणून शिकवितो तोच हा खुब्याचा सांधा. उखळीत मुसळ सर्व बाजूंस फिरावे तशी मांडी तेथे फिरते. म्हणून "कंबर फिरव" ऐवजी "खुबा वळव" असे सांगावे आणि खुबा कोठे असतो हे प्रत्येक मुलास स्वतःच्या हाताने चाचपून पाहावयास लावावे. उभ्याने एक पाय आतबाहेर फिरविला असता मांडीच्या वरच्या बाजूस, बाहेरून, जे हाड हाताखाली हलते ते मांडीच्या हाडाचे वरचे टोक. सांधा त्याच्या किंचित आत असतो. ही दोन मिनिटांची ओळख करून दिल्याखेरीज पुढील पाठास हात घालू नये.

आता हे वळण आपल्या मुलांनी कोठे पाहिलेले असते? माण, खटाव, जत, आटपाडी या कोरडवाहू तालुक्यांत ज्वारीची काढणी झाल्यावर कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकल्या जातात. खाली उभा असलेला माणूस पेंढी दोन्ही हातांनी धरतो, मागच्या पायावर किंचित बसतो, पुढचा पाय रोवतो, अंग वळते आणि पेंढी डोक्याच्या वर जाते. तो केवळ हातांनी फेकू लागला तर विसाव्या पेंढीस थकेल. तो तर दुपारपर्यंत फेकीत असतो. पिकावर बसणारी पाखरे हाकलण्यासाठी गोफण फिरविणाराही शेवटचा हिसका खुब्यातूनच देतो. मुलांस हे प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून काढावे. "गंजीवर पेंढी फेकताना आधी काय हलते?" या प्रश्नावर वर्गात वाद झाला तर उत्तम, तो मिटविण्यासाठी एखाद्या मुलास दप्तर घेऊन पेंढी फेकल्याचा अभिनय करावयास सांगावे.

कुस्तीचा दाखला तर याहून जवळचा. कराडनजीकच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये मुक्त शैलीच्या कुस्तीत, ५७ किलोपर्यंतच्या बँटम गटात, कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. खाशाबांचा आवडता डाव ढाक. ढाक मारताना पैलवान प्रतिस्पर्ध्याच्या मानेस कवळ घालतो, स्वतः वळून आपला खुबा त्याच्या अंगाखाली घालतो आणि त्याच वळणाने त्यास आपल्यावरून पाठीवर आणतो. हातांनी फक्त पकड धरावयाची असते. उचलण्याचे काम पाय आणि खुबा करतात. अंगाने लहान असलेला पैलवान आपल्याएवढ्या वजनाचा माणूस उलथवितो तो या रीतीने. ज्या गावात तालीम आहे तेथील शिक्षकाने एखाद्या जुन्या वस्तादास शाळेत बोलावून हा डाव संथपणे करून दाखविण्यास सांगावे. सॉफ्टबॉलच्या पाठास वस्ताद कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु खुबा आधी आणि हात मागून, ही गोष्ट त्याच्याइतकी स्वच्छ दुसरे कोणी दाखवू शकणार नाही.

हा क्रम असा का, हे शिक्षकाने स्वतः समजून घेतले पाहिजे. मुलांस ते सगळे सांगण्याची गरज नाही. गाडीवानाचा आसूड आठवावा. दांडा जाड आणि सावकाश फिरणारा, वादी बारीक. मनगटाने दांडा फिरवून एकाएकी थोपविला की त्याची गती वादीत उतरते आणि टोकाशी आवाज फुटतो. शरीराचेही तसेच आहे. मांड्या आणि ओटीपोटाचा भाग हा जड व सावकाश. त्यावर छाती व खांदे. त्यानंतर दंड, मनगट आणि शेवटी बॅट. खुबा प्रथम वळतो आणि मंदावतो. त्याची गती खांद्यांत जाते. खांदे मंदावतात, ती हातांत जाते. प्रत्येक पुढचा भाग मागच्याहून हलका, म्हणून अधिक वेगवान. सर्व भाग एकदम फिरविले तर दांड्यासकट आसूड भिरकावल्यासारखे होते, आवाज निघत नाही.

येथे पुढच्या पायाचे महत्त्व ध्यानात येईल. जोराने दार आपटते ते बिजागरी पक्की असते म्हणून. चौकटच हलत असेल तर दार नुसते डुलते. टोला मारणाऱ्याचा पुढचा पाय ही चौकट आहे. मूल लहानसे पाऊल पुढे टाकते, ते पाऊल जमिनीवर टेकते, गुडघा ताठ होऊ लागतो आणि त्या बाजूच्या खुब्याभोवती सारे अंग वळते. पुढचा गुडघा वाकत राहिला तर अंग चेंडूच्या दिशेने नुसते झुकते, वळत नाही. मागील पायाची टाच या वेळी उचलली जाऊन बाहेरच्या बाजूस फिरते आणि चवडा जमिनीवर राहतो. टोला बसतो त्या क्षणी पोट चेंडू टाकणाऱ्याकडे झालेले असावे. खांदे मात्र त्याच्या किंचित मागे असावेत.

अमेरिकेतील बेसबॉलचे विख्यात फलंदाज टेड विल्यम्स यांनी १९४१ च्या हंगामात .४०६ ही सरासरी गाठली. म्हणजे दर हजार डावांमागे ४०६ यशस्वी टोले, असे हे प्रमाण पडते. त्यानंतर ते खेळत असलेल्या साखळीत कोणास एका हंगामात .४०० ची रेषा ओलांडता आलेली नाही. त्यांचे फलंदाजीवरील पुस्तक पुढे निघाले आणि त्यात खुब्यांनी हातांस वाट दाखवावी यावर त्यांचा भर आहे. पुढे चार्ली लाऊ या शिक्षकाने मागच्या पायावरील भार पुढच्या पायावर नेण्यास अधिक महत्त्व दिले. या दोन मतांवरून तिकडे पुष्कळ वाद झाले. प्राथमिक शाळेपुरते बोलावयाचे तर या वादात पडण्याचे कारण नाही. लहान पाऊल टाकून भार पुढे न्यावा आणि मग वळावे, एवढ्यात दोघांचेही समाधान होते.

आपल्याकडील मुलांस एक वेगळी अडचण असते व ती क्रिकेटची. सांगलीत १९१५ साली जन्मलेले विजय हजारे यांनी १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेड येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके केली, ११६ आणि १४५. सरळ बॅट, बाजूने उभा असलेला खांदा आणि धीर हा त्या परंपरेचा वारसा. सरळ येणाऱ्या चेंडूस उभ्या बॅटने खेळताना खांदा लवकर उघडू नये असेच क्रिकेटमध्ये शिकवितात आणि ते तेथे बरोबर आहे, कारण चेंडू टप्पा घेऊन येतो आणि यष्टी राखावयाच्या असतात. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा न घेता गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीत येतो आणि यष्टी नसतात. बॅट आडवी फिरवावयाची असते. क्रिकेटमध्ये मुरलेले मूल येथे बाजूनेच उभे राहून बॅट नुसती पुढे ढकलते. त्यास "तुझे चुकते" असे म्हणू नये. आखूड टप्प्याचा चेंडू गुडघ्याच्या बाजूस ओढून मारताना तू कसा वळतोस, एवढे विचारावे. तो लगेच करून दाखवितो.

प्रत्यक्ष पाठाकडे वळू. पहिल्या तासास बॅट आणूच नये. प्रत्येक जोडीस हातभर लांबीची काठी द्यावी. मुलाने ती दोन्ही हातांनी आपल्या खुब्यांच्या समोर आडवी धरावी, दोन्ही मुठी मांड्यांच्या वरच्या टोकांस टेकवाव्यात. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे थोडे सैल. समोरच्या भिंतीवर खडूने एक खूण करावी व मुलाने त्या भिंतीस अंगाची बाजू देऊन उभे राहावे. "पाऊल" म्हणताच पुढचे पाऊल वीतभर टाकावे व थांबावे. "वळ" म्हणताच काठी भिंतीस समांतर होईपर्यंत खुबा वळवावा. जोडीदाराने फक्त पाहावे आणि तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: पाऊल टेकण्यापूर्वी काठी हलली काय? मागची टाच उचलली काय? डोके जागेवर राहिले काय? काही पुस्तकांत काठी पाठीमागे दोन्ही कोपरांत अडकवून हा व्यायाम सांगितलेला असतो. तो मी टाळावा असे म्हणेन. त्यात खांदे आणि खुबा एकाच वेळी फिरतात आणि जे वेगळे करावयाचे तेच एकत्र बांधले जाते.

दुसऱ्या तासास हात छातीवर दुमडून तेच वळण करावे. खुबा भिंतीकडे, खांदे शक्य तितके मागे. पहिल्यांदा मुले हसतात, तोल जातो. त्यांस हसू द्यावे. ज्या शाळेत लेझीम चालते तेथे हा तास निम्म्या वेळात होतो, कारण चवड्यावर फिरणे त्या मुलांच्या अंगवळणी पडलेले असते.

तिसरा तास विटी-दांडूचा. गलीवर विटी ठेवून कोलण्याचा भाग येथे सोडून द्यावा. विटी उडवून टोला मारण्याचाच सराव घ्यावा. या खेळाचा मोठा गुण असा की विटी हवेत क्षणभर थांबल्यासारखी होते आणि दांडू एका हातात असल्यामुळे अंग वळविल्याखेरीज ती दूर जातच नाही. शिक्षकाने काही न सांगता हा खेळ बरेचसे शिकवून टाकतो. मात्र टोकदार विटी वर्गात वापरू नये. डोळ्यास झालेली इजा आयुष्यभराची असते. दोन्ही टोके बोथट करून चिंध्या गुंडाळलेली विटी पुरेशी उडते. किंचित कमी उडाली तरी चालेल.

त्यानंतर उभ्या खुंटावरील चेंडू. मुलाच्या मांडी-कंबरेएवढ्या उंचीचा बांबू डब्यात माती ठोकून उभा करावा, वरच्या टोकास सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बसवावा आणि त्यावर चिंध्यांचा अगर मोज्याचा चेंडू ठेवावा. ट्यूब लवचिक असल्याने बॅट तिला लागली तरी हातास झिणझिण्या येत नाहीत. खुंट मुलाच्या पुढच्या पायाच्या रेषेत ठेवावा, पोटासमोर नव्हे; चेंडू पोटासमोर असला की मूल वळण्यापूर्वीच हात टाकते. येथे चार-पाच तास घालवावेत. घाईने फेकलेला चेंडू सुरू केला तर मुलाचे सारे लक्ष चेंडू लागण्याकडे जाते आणि मागचे शिकलेले विसरते. फेकलेला चेंडू सुरू करताना प्रथम समोरून नव्हे, तर बाजूने, चार-पाच हातांवरून, खालच्या हाताने अलगद टाकावा. टाकणारा मुलाच्या बॅटच्या कक्षेबाहेर असलाच पाहिजे.

वाळवा तालुक्यातील एका शाळेत मी हा क्रम सहावीच्या वर्गावर प्रत्यक्ष घेऊन पाहिला. त्या वर्गात एक किडकिडीत मुलगी होती. तिला बॅट देण्याची चाल नव्हती. चेंडू उसात गेला की काढून आणण्याचे काम तिचे. काठीच्या व्यायामात मात्र तिचे वळण साऱ्या वर्गात निर्दोष निघाले. चौकशी करता कळले की घरी वैरणीची पेंढी माळ्यावर फेकण्याचे काम तिच्याकडे असे. खुंटावरच्या दहा चेंडूंपैकी पहिल्या दिवशी तिचे सहा नीट लागले आणि त्यांतील दोन कडुनिंबापलीकडे गेले. वर्गातील सर्वांत दांडग्या मुलाचे आठ लागले, पण कडुनिंबापलीकडे एकही गेला नाही, कारण तो हातांनी मारीत होता. हा मुलगा पुढे दोन दिवस तिच्याकडून काठी कशी धरावी ते शिकत होता. शिक्षकांनी चेंडू आणण्याची पाळी सर्वांमध्ये वाटून दिली. फेकलेला चेंडू त्या मुलीस अजून जड जातो. नजरेचा सराव तिला कमी मिळालेला आहे.

हा सराव घेताना काही चुका नेहमी दिसतात. "मागचा पाय वळव" अशी आज्ञा दिली की मूल पाय वळविते आणि खुबा होता तेथेच राहतो. पाय हा वळणाचा परिणाम आहे, कारण नव्हे. खुबा वळला की टाच आपोआप उठते. मागच्या चवड्याने माती रगडावयास सांगणेही तितकेसे बरे नाही. त्यात अंगाचा भार मागेच अडकून पडतो. दुसरी चूक याच्या उलट: पाऊल टाकतानाच खुबा उघडून जातो आणि चेंडू येईपर्यंत वळण संपून हातच उरतात. अशा मुलास पाऊल टाकल्यावर मनात "एक" म्हणावयास लावून मग वळू द्यावे. डोके चेंडूवरून उचलण्याची चूक सर्वांचीच. तिच्यासाठी टोला मारल्यावर खुंटाच्या टोकाकडे क्षणभर पाहत राहण्याचा नियम करावा.

बॅटचे वजन हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडे सांगितले पाहिजे. मोठ्यांच्या सॉफ्टबॉलची बॅट ३४ इंचांपर्यंत लांब असू शकते. ती दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देणे म्हणजे पोरास पहार देण्यासारखे आहे. मुलाने बॅट एका हाताने बाजूस आडवी धरावी. वीस अंक मोजेपर्यंत हात खाली आला तर बॅट जड आहे असे समजावे. जड बॅट खुब्यास नव्हे, पाठीस शिक्षा करते. एका मुलाकडून एका तासात पंचवीस-तीसहून अधिक जोराचे टोले घेऊ नयेत आणि पाठ दुखते म्हणणाऱ्या मुलास त्या दिवशी चेंडू टाकण्याचे काम द्यावे.

डावखुऱ्या मुलांस उजव्या बाजूस उभे करण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणी दिसतो. तो सोडावा. सांगलीच्या स्मृती मानधना गोलंदाजी उजव्या हाताने करतात आणि फलंदाजी डाव्या बाजूने. कोणत्या हाताने लिहितो यावरून वळणाची बाजू ठरत नाही. प्रत्येक मुलास काठीचा व्यायाम दोन्ही बाजूंनी करावयास लावावा आणि ज्या बाजूस वळण मोकळे होते ती बाजू त्याने स्वतः निवडावी.

एक गोष्ट आवर्जून सांगावयाची. वळण दाखविण्यासाठी शिक्षकाने मुलाच्या किंवा मुलीच्या खुब्यास, कंबरेस हात लावून ते फिरवू नये. तसे करणे अनुचित आहे आणि शिकविण्याच्या दृष्टीने निरुपयोगीही आहे, कारण बाहेरून फिरविलेले अंग स्वतः फिरण्यास शिकत नाही. काठी, भिंतीवरची खूण, जोडीदाराची नजर आणि शिक्षकाने स्वतः करून दाखविलेली कृती ही साधने पुरेशी आहेत. मुलींस या तासास सलवार अगर खेळाचा पायजमा घालून येण्यास आदल्या दिवशी सांगावे. कपड्याच्या संकोचाने पाय जवळ ठेवून उभी राहिलेली मुलगी वळू शकत नाही आणि आपण मग म्हणतो, हिच्या हातात जोर नाही.

मैदान आखताना मारणाऱ्याभोवती चुन्याने सात-आठ हात त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि पाळी असलेल्या मुलाखेरीज कोणासही त्यात येऊ देऊ नये. बॅटच्या मुठीस सुतळी गुंडाळावी, म्हणजे घामाने ती सुटणार नाही. चुना नसल्यास राख चालते. पावसाळ्यात दोन्ही टिकत नाहीत, तेव्हा हा पाठ दिवाळीच्या सुटीनंतर, जमीन वाळल्यावर घेणे सोयीचे.